शुक्रवारचा दूधभात

“निसिमचं काय करायचं, मिलकाबाई?”

हझान शिमशोन पेझारकरांनी हे विचारलं तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत मिठाने माखलेले होते आणि माझेही. सिनेगॉगच्या मागच्या अंगणात, चिकूच्या सावलीत, आम्ही समोरासमोर पाटावर बसून मटणाला मीठ लावत होतो. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. मिठाने रक्त उतरवून, स्वच्छ धुऊन घेतल्याशिवाय आमच्यात मटण टोपात पडत नाही. बकरा सकाळीच हझानसाहेबांनी आमच्या रीतीने कापला होता. प्रार्थना सांगायची, मुलांना हिब्रू शिकवायचं आणि जनावर कापायचं, ही तिन्ही कामं खेड्यातला हझान एकटाच करतो.

“काय करायचं म्हणजे? जेवेल सगळ्यांबरोबर,” मी म्हटलं.

“मटणाच्या पंगतीत दूधभात?”

माझा हात थांबला. मुलांच्या या उन्हाळी शिबिराची तयारी मी महिनाभर केली होती. चाकाची खुर्ची चढावी म्हणून पायरीवर फळी ठोकून घेतली होती, कमी दिसणाऱ्या मुलांसाठी न्हाणीघरापर्यंत दोरी बांधली होती, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

आम्ही मांस आणि दूध एकत्र खात नाही. भांडी वेगळी, वेळ वेगळी. आमच्या बायका मटणात दही न घालता नारळाचा रस घालतात तो त्याचसाठी. आणि निसिम दूधभाताशिवाय काहीच खात नसे. नऊ वर्षांचा होता, बोलत नव्हता. दोन्ही वेळा दूधभात, तोही त्याच्याच वाडग्यात. दुसरं काही पुढे ठेवलं तर उपाशी राहील, पण तोंड उघडणार नाही. ‘स्वमग्न’ हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता. लोक ‘हट्टी’ म्हणत, आणि आईने लाडावून ठेवलाय असं तिच्या पाठीमागे म्हणत.

“वेगळं कापड घालून टेबलाच्या टोकाला बसवलं असतं,” हझानसाहेब म्हणाले. “तेवढं चालतं. पण त्याचा तो सडा…”

सडा आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. शिबिराच्या पहिल्याच संध्याकाळी निसिमने चमच्याची पाठ दूधभातावर थापटली, दूध उडालं, ते त्याला आवडलं, आणि मग जेवण संपेपर्यंत थापटणं चालू राहिलं. शेजारच्या पोरांच्या नाकावर दूध, केसांत शितं. पोरं खिदळली, कारण जेवण शाकाहारी होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण मटणाच्या टोपात त्यातला एक थेंब पडला असता तर अख्खा टोप फेकून द्यावा लागला असता.

“आम्ही आतल्या खोलीत बसतो ना,” मागून आवाज आला. निसिमची आई, झिपोरा, तांदूळ पाखडता पाखडता उठून आली होती. “घरी आमचं तसंच असतं शुक्रवारी. त्याला आधी भरवून टाकते. तुम्ही काळजी करू नका, टीचर.”

तिने ते इतक्या चटकन सांगितलं की मला रागच आला. तिचा नव्हे, कशाचा ते मात्र तेव्हा सांगता आलं नसतं.

“इथे कुणी आत बसणार नाही,” मी म्हटलं.

हे वाक्य मी आमच्या समाजाच्या ट्रस्टच्या सभेतही बोलले होते. आमच्या मुलांची उन्हाळी शिबिरं तेव्हाही होत. गाणी, खेळ, शब्बाथच्या प्रार्थना, समुद्र. पण ज्यांना चालता येत नाही, ऐकू येत नाही, शिकायला वेळ लागतो, अशा मुलांच्या आयांना दरवर्षी ‘जागा भरल्या’ असं ऐकायला मिळे. मी ठाण्याच्या शाळेत मास्तरीण होते, वर्गात सगळ्या तऱ्हेची पोरं सांभाळलेली. सभेत उभी राहिले आणि म्हटलं, सगळी मुलं एकत्र राहतील, एकत्र जेवतील, कुणीही वेगळं बसणार नाही. जमलं नाही तर पुन्हा तोंड उघडणार नाही. ट्रस्टचे अध्यक्ष सॉलोमनकाका अष्टमकर हसले. बोलाचीच कढी, म्हणाले. पण अलिबागच्या पुढच्या या जुन्या सिनेगॉगचं आवार त्यांनी दिलं, आणि शुक्रवारच्या रात्रीसाठी आपल्याकडून बकराही दिला. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो आणि ते रात्रीचं जेवण म्हणजे आठवड्याचा राजा. त्या जेवणाला काका स्वतः यायचे होते.

तर निसिम त्या टेबलाशी बसला पाहिजे होता. माझा शब्द राहायचा तर दुसरा मार्ग नव्हता.

माझा स्वभाव असा की अडचण आली की मला हुरूप येतो. हात धुता धुताच तोड सुचली. नारळ! बेने इस्राएलच्या बाईला दुधावाचून अडायचं कारणच काय? आम्ही नारळाच्या रसात मटण करतो, मासे करतो, शिरा करतो, गव्हाच्या चिकाचा हलवा करतो, आणि खाणाऱ्याला दुधाची आठवणही होत नाही. निसिमला नारळाच्या दाट रसातला भात द्यायचा. पांढरा तो पांढराच. मग टेबलावर मटण असो नाहीतर हत्ती असो.

“त्याला कळेल,” झिपोरा म्हणाली.

“माझ्या हातचा रस अजून कुणाला कळलेला नाही,” मी म्हटलं.

दोन नारळ फोडले. पहिला रस काढला, फडक्यातून गाळला, चिमूटभर साखर घातली, कोमट केला. मऊ भात कालवला. निसिमच्या वाडग्यात घातला आणि सकाळच्या मधल्या वेळेला त्याच्यापुढे नेऊन ठेवला. आजूबाजूला पोरंही जमली, कारण टीचर काहीतरी करून दाखवणार हे त्यांनी ओळखलं होतं.

निसिमने वाडगा उचलून नाकाशी नेला. चमच्याला हातसुद्धा लावला नाही. मग उठला, वाडगा माझ्या मांडीवर पालथा केला, टेबलाखाली जाऊन बसला आणि दोन्ही कान दाबून एका सुरात हुंकार भरू लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माझ्या साडीवरून नारळाचा भात ओघळत होता आणि पोरं हसावं की नाही म्हणून एकमेकांकडे बघत होती.

झिपोरा टेबलाखाली शिरून त्याच्याजवळ बसली. हात लावला नाही, नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळाने हुंकार थांबला तेव्हा ती बाहेर आली आणि आपल्या रिकाम्या पिशवीची घडी उलगडू लागली.

“काय करतेस?”

“शेवटच्या एसटीने जाते, टीचर. एकदा शब्बाथ लागला की प्रवास करता येणार नाही, मग अडकून पडू. तुम्ही खूप केलंत.”

“आज रात्री तो टेबलावर बसणार आहे.”

“काका येणार आहेत. त्यांच्यासमोर असं काही झालं तर पुढच्या वर्षी बाकीच्या पोरांनाही घेणार नाहीत.” ती शांतपणे त्याचे कपडे भरत होती. “एकाच्या पायी सगळ्यांचं नको.”

मला तिला काहीतरी ठाम सांगायचं होतं, पण साडीला भात चिकटलेला असताना ठाम बोलता येत नाही. मी साडी बदलायला गेले. परत आले तर व्हरांड्यात शुलामिथ चाकाच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. दहा वर्षांची पोर, पायात जन्मापासून बळ नव्हतं, ते सगळं जिभेत उतरलं होतं.

“टीचर, निसिम जाणार?” तिने विचारलं.

“नाही.”

“त्याची आई तर बॅग भरतेय.” तिने एक शेंग दातांनी फोडली. “आमच्या टेबलावर मटण म्हणून तो जाणार. मग मटणच घालवा ना.”

“बकरा कापून झालाय, बाळ. इतक्या मटणाचं काय करू?”

“आत्ताच द्या आम्हाला. मटण काय, दुपारीपण चांगलंच लागतं.”

 अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तशी मी सकाळपासून एकाच मुलाला बदलायला निघाले होते. बकरा कुणी रात्रीसाठी राखून ठेवला होता? आम्हीच. दुपारी सगळ्यांनी मटण खायचं, टेबल धुऊन काढायचं, भांडी उचलायची, आणि रात्री मासे. मासा आमच्यात मांसात धरत नाहीत. माशांच्या पंगतीत निसिमने दुधाने आंघोळ केली तरी कुणाचा टोप बाटणार नव्हता.

हझानसाहेब मटण धुऊन निथळत ठेवत होते. मी त्यांना सांगितलं. 

“शब्बाथच्या रात्री मटण नाही,” ते म्हणाले, “असं माझ्या उभ्या जन्मात झालेलं नाही.”

“पण चालतं का?”

“शब्बाथला चांगलंचुंगलं जेवावं, आनंदाने जेवावं, एवढं आहे. बकराच खावा असं कुठे म्हटलेलं नाही.” त्यांनी दाढी खाजवली आणि दाढीला मीठ लागलं. “फक्त सॉलोमनकाकांना मी सांगणार नाही.”

“मी सांगीन.”

“मग चढवा टोप,” ते म्हणाले, आणि स्वतःच लाकडं आणायला गेले.

हिरवं वाटण तयारच होतं. कोथिंबीर, मिरची, आलं, लसूण, वरून नारळाचा रस. सकाळच्या उरलेल्या रसाचंही कल्याण झालं. पोरांना उशिरा जेवायला मिळालं पण एकाने तक्रार केली नाही. निसिमला मात्र तोवर झिपोराने आत भरवून घेतलं होतं. दुपारचं मी सोडून दिलं. माझं भांडण रात्रीसाठी होतं. मटण खाल्ल्यामुळे आम्हा मोठ्यांना दिवसभर कोरा चहा प्यावा लागला, आणि त्या कोऱ्या चहावरून हझानसाहेबांनी मला ऐकवलेली बोलणी मी अजून विसरलेले नाही.

माशांसाठी निरोप धाडला तशी चांगुणा कोळीण टोपली घेऊन हजर. तिला आमचं सगळं ठाऊक. टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, “खवल्यांचा हाय बाय, रावस हाय. तुमचे लोकांना बिनखवल्यांचा कवा दिलाय मी?” आणि खवलं नखाने उचलून दाखवलं. खवले आणि पर असलेला मासाच आम्ही खातो. चांगले मोठे रावस मिळाले. मी त्यांना हळद-मीठ लावायला बायकांना सांगितलं आणि फाटकाकडे धावले, कारण फाटकाबाहेर पिशवी खांद्याला लावून झिपोरा उभी होती आणि निसिम वाळू ओंजळीत घेऊन सोडत होता.

“रात्री मासे आहेत,” मी म्हटलं.

“ऐकलं मी.”

“मग आता कशाला निघालीस?”

“एका पोरासाठी सगळ्यांची शब्बाथची रात्र बदललीत तुम्ही. लोक मला काय म्हणतील, टीचर? मला नाही ते ओझं झेपणार.”

तेव्हा मला गोड बोलणं सुचलं नाही, आणि बरंच झालं.

“हे बघ झिपोरा,” मी म्हटलं, “मटण होतं ते पोरांनी संपवलं. रात्रीला मटण नाही. आता तू निसिमलाही घेऊन गेलीस, तर काका आल्यावर मी त्यांना दाखवू काय? ना बकरा, ना मुलगा. माझी अब्रू आता तुझ्या पिशवीत आहे. ती खाली ठेव.”

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. रस्त्याच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला, लाल गाडी आली, थांबली, कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं. मी हाताने त्याला जा म्हणून सांगितलं. झिपोराने ते पाहिलं आणि पिशवी खांद्यावरून उतरवली. गाडी गेली.

सॉलोमनकाका उन्हं कलल्यावर आले. पांढरा सदरा, पांढरी विजार, डोक्याला टोपी, हातात फळांची करंडी. पोरांना बघून खूश झाले. शुलामिथला फळीवरून खुर्ची सरसर वर नेताना बघून तर ‘वा’ म्हणाले. मग नाक वर करून वास घेतला, सरळ स्वयंपाकघरात आले आणि टोपावरचं झाकण उचललं. आत रावस नारळाच्या रसात सावकाश रटरटत होता.

“माझा बकरा कुठंय, मिलका?”

“पोरांच्या पोटात, काका. दुपारीच गेला.”

त्यांनी झाकण ठेवलं. “का?”

मी सगळं सांगितलं. दूधभात सांगितला, सडा सांगितला, माझ्या मांडीवरचा वाडगाही सांगितला. ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत.

“शब्बाथची रात्र आहे,” ते म्हणाले. “माझ्या वडिलांच्या घरी या रात्री मासे शिजले नाहीत. त्या मुलाला तासभर आत बसवलं असतं तर काय आकाश कोसळणार होतं? आई असतेच की त्याच्याबरोबर. पुन्हा खेळायला होताच तो सगळ्यांत. तासाभराचा प्रश्न, आणि तू सगळ्यांचं ताट उलटंसुलटं केलंस.”

“तासाभराचाच आहे ना?”

“तासाभराचाच.”

“मग काका, आज तुम्ही बसता का आत? तासभर? मी ताट आणून देते.”

स्वयंपाकघरातल्या बायकांचे हात थांबले. हझानसाहेब दारात होते, ते मागच्या मागे सरकले. कुणी अध्यक्षांशी असं बोलत नसे. माझा आवाज चढला नव्हता, मी अगदी साधं विचारलं होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भीतीही वाटली नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. तिथे भिंतीला चटया उभ्या केल्या होत्या, खिडकी लहान होती.

“हात धुवायला पाणी कुठे आहे?” त्यांनी विचारलं. कुणीतरी दाखवलं आणि ते गेले.

सूर्य मावळायच्या आत आम्ही बायकांनी दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हटला. चुलीतले निखारे राखेने झाकून त्यावर टोप ठेवले होते, कारण आता उद्या रात्रीपर्यंत विस्तव पेटवायचा नव्हता. लांब टेबल, पांढरं कापड. हझानसाहेबांनी पेला हातात घेतला. आमच्या गावात द्राक्षाची दारू कुठली. काळे मनुके भिजवून, कुस्करून गाळलेलं शरबत, त्यावरच आम्ही शब्बाथचा आशीर्वाद म्हणतो. पोरं एका सुरात ‘आमेन’ म्हणाली. ज्यांना म्हणता येत नव्हतं त्यांनी टेबलावर हात आपटला; तसं आम्ही शिकवलं होतं.

निसिम शुलामिथच्या शेजारी बसला होता. समोर त्याचा वाडगा, खरं दूध, खरा भात. समोरच्या बाजूला नेमके सॉलोमनकाका. भाकरीचा तुकडा सगळ्यांना मिळाला, रावस वाढला गेला, आणि निसिमने चमच्याची पाठ उचलली.

पहिलीच थाप जोरात बसली. दूध टेबलापलीकडे उडालं आणि काकांच्या पांढऱ्या बाहीवर, दाढीवर, रावसाच्या ताटाच्या कडेवर थेंब पडले. सगळं टेबल गप्प झालं. निसिमही थांबला, कारण माणसं गप्प झाली की त्याला लगेच कळायचं. त्याचे हात कानांकडे निघाले.

काकांनी रुमालाने दाढी पुसली. बाहीकडे बघितलं. मग आपल्या ताटाकडे बघितलं.

“मटण असतं,” ते हझानसाहेबांना म्हणाले, “तर टोप गेला असता.”

“अख्खा,” हझानसाहेब म्हणाले.

“मिलकाने वाचवलं मग.” आणि त्यांनी आपल्या चमच्याची पाठ शरबताच्या पेल्यात बुडवून हळूच थापटली. शरबत उडून शुलामिथच्या फ्रॉकवर पडलं. ती ओरडली, “काका, डाग जात नाही हो मनुकांचा,” आणि मग टेबलावर जो हशा उसळला त्यात निसिमचे हात कानांपर्यंत पोचलेच नाहीत. तो पुन्हा थापटू लागला.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. ते शिबिर अजून भरतं, त्याच आवारात. सॉलोमनकाका गेले, हझानसाहेबही गेले. निसिमला दाढी आली आहे आणि तो अजून दूधभातच खातो. मागच्या मे महिन्यात मला मुलांशी बोलायला नेलं होतं, तर एका चिमुरड्याने मला बजावून सांगितलं की शिबिरातल्या शुक्रवारी मटण दुपारीच खायचं असतं आणि रात्री मासे. म्हणे, देवाच्या आज्ञांबरोबर हेही मोशेने सीनाय डोंगरावरून दगडावर लिहून आणलंय. मी म्हटलं, हो रे बाबा, लिहिलं तेव्हा मी तिथेच होते.

पण त्या रात्री टेबल हसत होतं आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते. शब्द पाळला होता. सगळी मुलं एकत्र, कुणी वेगळं नाही. मी मोठ्या समाधानाने टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि निसिमच्या खुर्चीमागे झिपोरा उभी दिसली. एका हातात फडकं, दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर.

“तू बस ना,” मी म्हटलं.

“बसते नंतर.”

“नंतर कशाला? बस.”

ती इकडेतिकडे बघू लागली, आणि मग मीही बघितलं. तिच्यासाठी खुर्ची नव्हती. ताट नव्हतं. मी पोरांची ताटं मांडली होती, मदतनिसांची, हझानसाहेबांचं, काकांचं, माझं स्वतःचं. सकाळपासून मी ज्याच्यासाठी भांडत होते त्याच्या आईचं ताट मांडायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

“असू दे, टीचर,” ती म्हणाली. “मला सवय आहे. त्याचं झालं की मागून जेवते मी.”

“त्याला भरवायला कुठे लागतंय?” शुलामिथ म्हणाली. “तो आपला आपणच खातोय.”

झिपोराने खाली बघितलं. निसिम खात होता. थापटत होता, पण मधूनमधून चमचा तोंडातही जात होता. त्याला तिची गरज नव्हती. तिने फडकं या हातातून त्या हातात घेतलं, आणि तिथून कुठे जावं हे तिला कळेना.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सॉलोमनकाका उठले होते. त्यांनी आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून आले आणि ती निसिमच्या शेजारी ठेवली.

“बस, पोरी.”

“काका, तुम्ही?”

“मला जेवणानंतरची गाणी म्हणायची आहेत. उभ्याने आवाज चांगला लागतो,” ते म्हणाले आणि खरंच भिंतीला टेकून उभे राहिले.

ती बसली. अगदी कडेवर, केव्हाही उठायला लागेल अशी. मी निखाऱ्यांवरच्या टोपातून तिला भात वाढला, त्यावर रावसाची मधली तुकडी आणि पळीभर रस घातला. तिने आधी निसिमकडे बघितलं, मग ताटाकडे. घास कालवून तोंडात घातला आणि एकदम तळहात तोंडावर धरला. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं काटा लागला.

“काय झालं?”

तिने मान हलवली, घास कसाबसा गिळला आणि पाण्याचा घोट घेतला.

“काही नाही, टीचर,” ती म्हणाली. “शुक्रवारचं जेवण इतकं गरम असतं, विसरलेच होते मी.”